म्हनलं, जाऊन पाहावं

कोल्हापूरहून नागपूरला जायचं तर महाराष्ट्र एक्सप्रेसनेच जावं, असं माझं पक्कं मत आहे. वेळ फार लागतो. दुपारी निघालेलं माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचतं. पण तेराशे किलोमीटरहून लांबच्या या वाटेवर गोंदियापर्यंत ही गाडी महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकत नाही. डबा तोच राहतो आणि आतली माणसं बदलत जातात. मिरज, सातारा, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा अशी एकामागून एक मराठी आपल्या शेजारी येऊन बसते, पिशवी सीटखाली सरकवते आणि बोलायला लागते.

या खेपेला बरोबर भाची होती. ती नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला वाढली. तिचे वडील नागपूरचे, आजी अजून तिथल्या महाल भागात राहते. डिसेंबरच्या सुट्टीत तिला आजीकडे पोचवायचं आणि मलाही नागपूर नीट पाहायचं, असा बेत होता. पोरीचं मराठी चांगलं आहे. घरात आईबाप मराठीच बोलतात, त्यामुळे गोष्ट सांगणं, भांडणं, हट्ट करणं सगळं तिला येतं. अडतं ते एकाच ठिकाणी, काही सुचवायचं असलं की. मिरजेला गाडी उभी राहिली, खिडकीशी चहावाला आला, आणि ती मला म्हणाली, “मावशी, चहाबद्दल काय विचार केलास?”

मी काहीच विचार केला नव्हता. तिला चहा हवा होता आणि आपण दोघींनी घ्यावा असं तिला म्हणायचं होतं. डच भाषेत मित्रमैत्रिणी एकमेकांना असं सुचवताना ‘वॉट दाख्त ये फान’ अशी सुरुवात करतात आणि पुढे कॉफी, सिनेमा, फेरफटका, जे काय असेल ते जोडतात. शब्दश: बघितलं तर ‘अमक्याबद्दल तू काय विचार केलास?’ यातलं ‘दाख्त’ हे भूतकाळाचं रूप आहे आणि ‘ये’ म्हणजे आपला ‘तू’. वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाशी बोलताना तिथे ‘उ’ येतो. पोरीने सगळं बरोबर केलं होतं. मावशी जवळची म्हणून ‘तू’ आणि क्रियापद भूतकाळात. मराठीत ते बसत नव्हतं, एवढंच. मी तिला सांगितलं, “आपण कोल्हापूरचे. ‘चहा घेऊया की’ म्हणायचं.” तिने म्हटलं आणि चहा आला.

मग आम्हाला तो नादच लागला. समोरच्या बाकावर सातारचं जोडपं होतं. डबे उघडायच्या वेळेला बाई नवऱ्याला म्हणाल्या, “जेवून घ्यायचं का?” पुण्यात चढलेल्या मुलांपैकी एक दुसऱ्याला सांगत होता, “आपण असं केलं तर? तू वरच्या बर्थवर जा.” पहाटे मनमाड गेलं. भुसावळला जळगावकडची दोन पोरं चढली आणि आल्या आल्या, “चाल ना भो, खाली उतरू, पाणी भरून घेऊ.” हा ‘भो’ खानदेशातला, भाऊपणाचा. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेली माणसं उतरली, कचोरीवाले चढले, आणि अकोल्याच्या आसपास माझ्या कानाशी पहिल्यांदा आलं, “सरका न जी थोडं.” कोल्हापूरचा ‘की’ मागे राहिला होता. इथून पुढे ‘न’चा मुलूख.

हा ‘न’ लिहून दाखवता येत नाही. आपण इकडे ‘ये ना’ म्हणतो त्यात थोडी विनवणी असते. नागपूरकडच्या ‘न’मध्ये विनवणी नाही. ‘बसा न’, ‘घ्या न’, ‘चाला न’ म्हणणारा माणूस असं गृहीत धरतो की बसायचं तुमच्याही मनात आहेच, फक्त सुरुवात कोणी करायची एवढाच प्रश्न आहे. आणि त्याला जोडून ‘जी’. हा ‘जी’ हिंदीतून आला असं पुण्या-मुंबईकडची माणसं सर्रास म्हणतात, तेव्हा मला राग येतो. महानुभावांचं जुनं गद्य उघडून बघावं. चक्रधरस्वामींशी त्यांची शिष्यमंडळी बोलतात ती ‘जी’ लावून. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या त्या तेराव्या शतकात, आणि त्या पंथाचं रिद्धपूर इथून जवळच, अमरावती जिल्ह्यात आहे. सातशे वर्षांचा हा शब्द अकोल्याच्या फलाटावर कचोरीवाल्याच्या तोंडात आहे आणि आपण त्याला उसना ठरवतो.

नागपुरात उतरलो तेव्हा दिवे लागले होते. थंडी होती. महालातलं घर जुनं आहे, पुढे ओसरी, मागे विहीर आणि मधे चौक. पोरीची आजी मूळची काटोलकडची, लग्न होऊन शहरात आली, पण बोलणं तिकडचंच राहिलं. पोरीला जवळ घेऊन झालं, पाणी झालं, आणि त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, “म्हनलं, पोरगी थकून आली असन, आंघोळीले पानी तापवावं.”

पोरीने माझ्याकडे बघितलं. नंतर खोलीत आल्यावर हळूच विचारलं, “आजी हे कोणाला म्हणाली?”

मी रात्री बराच वेळ त्यावर विचार करत पडले होते. ‘म्हटलं’ हे आपण सगळेच बोलतो. ‘म्हटलं, जरा डोकावून यावं’, ‘म्हटलं, तुम्ही येताय तर थांबावं’. पण कोणाला म्हटलेलं असतं? कोणालाच नाही. स्वत:शी म्हटलेलं असतं. मनातली गोष्ट घडून गेलेली असते आणि आता ती आपण दुसऱ्यापुढे ठेवत असतो, घ्यायची तर घ्या. ‘तापवू का?’ असं विचारलं असतं तर पोरीला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. ‘तापवते’ म्हटलं असतं तर तिला बोलायला जागाच उरली नसती. आजीने यातलं काहीच केलं नाही. पोरीला उत्तर द्यायचं असतं तर देता आलं असतं, नसतं तरी पाणी तापलंच असतं.

डच माणूसही भूतकाळातच जातो, पण तो समोरच्याच्या मनात शिरतो. तू काय विचार केलास, म्हणजे विचार तुझाच होता, मी फक्त आठवण करून दिली. मराठी माणूस स्वत:च्या मनात शिरतो. दोन्हीकडे क्रियापद मागे ढकललेलं असतं, कारण वर्तमानात उभी राहिलेली सूचना अंगावर येते. हे पोरीला सांगितलं तेव्हा तिला ते लगेच पटलं. तिला दोन्ही भाषा आतून येतात, मला एकच.

सकाळी तिचे काका म्हणाले, “एक काम करू. पोहे खाऊन येऊ.”

‘एक काम करू’ हे नागपूरचं सुचवण्याचं दुसरं दार. हे हिंदीतलं ‘एक काम करते हैं’, यात वाद नाही, आणि ते इथे का आहे हे शहराचा इतिहास सांगतो. भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, 1861 साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. पुढे वऱ्हाड जोडला गेला. स्वातंत्र्यानंतरही 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. रायपूर, जबलपूरची माणसं कामासाठी इथेच यायची. कचेरीत, कोर्टात, बाजारात मराठी आणि हिंदी एका टेबलावर बसल्या. म्हणून इथला रिक्षावाला एकच वाक्य हिंदीत सुरू करून मराठीत संपवतो आणि त्याला ते जाणवतही नाही. ‘एक काम करू’ म्हटल्यावर ऐकणारा थांबतो, मोबाइल खाली ठेवतो. पुढे काहीतरी येणार आहे आणि त्यात आपणही आहोत, हे त्याला कळलेलं असतं.

पोह्यांची गाडी कस्तुरचंद पार्काच्या बाजूला होती. नागपूरचे तर्री पोहे मी ऐकून होते, बघितले नव्हते. मोठ्या परातीत पिवळ्याधमक पोह्यांचा डोंगर, कापडाने झाकलेला. शेजारी पातेल्यात काळ्या चण्यांचा रस्सा उकळत होता आणि त्यावर लाल तेलाचा बोटभर थर. ती तर्री. गाडीवाला बशीत पोहे घ्यायचा, डाव तिरका करून आधी वरची तर्री बाजूला सारायचा, खालून चणे उचलायचा आणि मग वरची तर्री पोह्यांच्या कडेकडेने सोडायचा. मधोमध ओतली तर पोहे भिजून गोळा होतात, म्हणून कडेने. वर कांदा, शेव, लिंबाची फोड. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तो काही विचारत नव्हता. पोरीला बघून मात्र थांबला. “ताई, पहिले थोडीच घ्या न. लागली त अजून देतो.”

किती नेमकं बोलला तो! तिखट आहे, तुम्हाला झेपणार नाही, असं त्याने म्हटलं नाही. ‘पहिले’ म्हणून दुसऱ्या वाढीची वाट मोकळी ठेवली. पोरीने थोडी घेतली, डोळ्यांत पाणी आलं, नाक ओढत ओढत संपवली आणि बशी पुढे केली.

सावजीचं तेवढं सोपं नाही. हे जेवण हलबा कोष्टी समाजाचं, म्हणजे विणकरांचं. नागपुरात हातमागांची वस्ती मोठी होती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे 1877 साली सुरू झाली, कापडाचं जग बदलत गेलं, आणि मागावरच्या घरांतलं तिखट जेवण हळूहळू खाणावळींत आलं. आम्ही गेलो ती खाणावळ इतवारीच्या पलीकडे, चार बाकं आणि आत चूल. काळा रस्सा. त्यात खोबरं, खसखस, दगडफूल, धने, मिरी भाजून वाटलेले. जुन्या घरांत हे सगळं जवसाच्या तेलात व्हायचं. मटण न खाणाऱ्यांसाठी पाटोडी, म्हणजे बेसनाच्या वड्या त्याच रश्श्यात सोडलेल्या. वाढणारा मुलगा कॉलेजातला असावा. माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, “काकू, म्हनलं, भाकर चुरून घ्यावी. पोळीनं मजा येत नाही.” मी पोळी बाजूला सारली आणि ज्वारीची भाकरी चुरली. त्याचं बरोबर होतं. रस्सा भाकरीत मुरतो आणि तिखटाची धार कमी होऊन मागची भाजलेल्या मसाल्याची चव वर येते. पोळीवर तो नुसता पसरतो.

दीक्षाभूमीवर पोरीला मीच नेलं. 14 ऑक्टोबर 1956 ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो माणसांसह इथे बौद्ध धम्म स्वीकारला. आजचा पांढरा स्तूप नंतरचा, 2001 साली लोकांसाठी खुला झाला. सांचीच्या धर्तीवर बांधलेला, पण आतून पोकळ, आणि त्या पोकळीत शिरल्यावर स्वत:चं पाऊलही ऐकू येतं. दारापाशी चपला काढताना पोरीने मोबाइल बाहेर काढला. शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, पांढरी साडी, मांडीवर छोटं गाठोडं. त्या तिला म्हणाल्या, “आधी आत जाऊन बसजो, बाई. फोटो मंग काढजो.”

पोरगी थबकली, मोबाइल पिशवीत टाकला, आत गेली. नंतर बराच वेळ बोधिवृक्षाखाली आम्ही दोघी बसलो होतो तेव्हा तिने विचारलं की ‘बस’ आणि ‘बसजो’ यात फरक काय.

हे रूप आमच्याकडे नाही, आणि ते नाही याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं. वऱ्हाडी-नागपुरीत ‘बस’ म्हणजे आत्ता बस. ‘बसजो’ म्हणजे पुढे, तुझ्या वेळेने, जमेल तेव्हा बस. येजो, सांगजो, पाहजो. अनेकांना किंवा मानाने म्हणायचं तर येजा, सांगजा. गुजरातीत ‘आवजो’ आहे, हिंदीत ‘करियो’ आहे, त्याच कुळातलं हे. शाळेच्या पुस्तकातल्या मराठीला एवढ्यासाठी ‘नंतर’, ‘सवडीने’, ‘शक्य झाल्यास’ असे शब्द शोधत बसावं लागतं. इथे दोन अक्षरांत काम होतं, आणि सांगणाऱ्याचा अधिकारही राहतो, ऐकणाऱ्याची सवडही. त्या बाईंनी परक्या पोरीला धाक न दाखवता योग्य तेच करायला लावलं, ते त्या ‘जो’च्या बळावर. ग्रियर्सनने आपल्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंड 1905 साली काढला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने आहेत. तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं गेली, आणि शाळेत अजूनही ‘येजो’ लिहिणाऱ्या पोराच्या वहीत लाल रेघ येते. ती रेघ चुकीची आहे. जी गोष्ट बोलीत आहे आणि प्रमाण भाषेत नाही, ती बोलीकडून शिकावी.

संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर कॉलेजच्या पोरांचे घोळके असतात. तिथे सूचना वेगळ्याच. “चाल ना बे.” एवढंच. नाही म्हणायला जागा नसते आणि कोणी म्हणतही नाही. ‘बे’ हा फक्त बरोबरीच्यांचा, आणि ज्याला तो लावला जातो त्याला आपण आत घेतले गेल्याचा आनंद असतो. पोरीला तो शब्द फार आवडला. काकांनी तिला शांतपणे सांगितलं की घरात नको, आजीसमोर तर नकोच.

काका बोलायला बसले की विषय विदर्भाचा निघतोच. ते दिवस विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनाचे, बर्डीवर पोलिसांचे अडथळे, जागोजागी मोर्चे. सीताबर्डीला इथे ‘बर्डी’ म्हणतात. पोरीने विचारलं की मुंबईची विधानसभा इथे का येते. काकांनी 1953 च्या नागपूर करारापासून सांगितलं. विदर्भ मराठी राज्यात येणार असेल तर वर्षातून काही काळ सरकार नागपुरात बसेल, असं त्यात ठरलं. मग राज्य पुनर्रचना आयोग, ज्याचा अहवाल 1955 साली आला. फाजल अली अध्यक्ष. त्या आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य करावं असं सुचवलं होतं. ते झालं नाही. विदर्भ 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1960 साली महाराष्ट्रात. काका आवाज न चढवता म्हणाले, “सुचवणाऱ्यानं सुचवलं होतं, बाप्पा. ऐकणाऱ्यानं पाहू न म्हनलं.”

‘पाहू न’ हा इथला नकार. कोणी जेवायला थांबा म्हणालं आणि थांबायचं नसलं, तर ‘नाही’ कोणी म्हणत नाही. ‘पाहू न’ म्हणतात आणि दोघांनाही अर्थ कळतो. पण नेहमी नकारच असतो असंही नाही. कधी खरंच बघायचं असतं. ओळखायचं ते ‘न’च्या लांबीवरून. आखूड असला तर आशा आहे, लांबला तर संपलं. हे आजीने शिकवलं, आणि पोरीला एकाच दुपारी येऊ लागलं. ‘म्हनलं’ मात्र तिच्या तोंडी बसलं नाही. ते म्हणायला आधी मनात मराठीत बोललेलं असावं लागतं.

परतण्याआधी आजी म्हणाल्या, “म्हनलं, काटोलले जाऊन यावं. बागेत संत्रं धरलं हाये.” त्यांच्या भावाची बाग आहे तिकडे. आंबिया बहाराचा माल झाडावर होता, काढणी चालू होती. बागेतलं संत्रं बाजारातल्यासारखं एकसारखं नसतं. एका बाजूने केशरी झालेलं, दुसरीकडे हिरवी छटा राहिलेली, साल सैल. मामा, म्हणजे आजीचे भाऊ, झाडांमधून पुढे चालत होते आणि प्रत्येक झाडाशी थांबून काहीतरी सांगत होते. संत्र्याला बहार आणायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत थांबायचं, मग खत देऊन पुन्हा पाणी सोडायचं की फुलं येतात. थंडीच्या ताणावर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया. उन्हाळ्याचा ताण देऊन पावसाच्या सुरुवातीला धरतात तो मृग. ताण कमी पडला तर नुसती पालवी येते, जास्त झाला तर झाड खचतं. विहिरीला पाणी किती आहे त्यावर कोणता बहार धरायचा ते ठरतं, आणि बोअर सातआठशे फूट खाली गेलेल्या या भागात ते ठरवणं दरवर्षी कठीण होत चाललं आहे. “पोरं म्हनतात, बाग तोडू, कपाशी लावू,” मामा म्हणाले. मी विचारलं, मग? “म्या पाहू न म्हनलं.” त्यांचा ‘न’ कसा होता ते मी मुद्दाम ऐकलं. लांब होता.

एका झाडाखाली त्यांनी पोरीला उभं केलं. “हे घेऊन पाहा न. याचं गोड हाये.” तिने फळ हातात धरून ओढायला सुरुवात केली, तशी मामांनी तिचा हात धरून फळ हलकंसं पिळून देठापासून सोडवलं, साल न फाटता. तिने सोललं, एक फोड मला दिली, एक त्यांना.

“मृगाचं याहून गोड राह्यते,” ते म्हणाले. “फेब्रुवारीत येजा.”

“आम्हाला सुट्टी नसते हो तेव्हा,” पोरगी म्हणाली. “मामाजी, असं करू न. तुम्ही बाग ठेवा, मी कॉलेज संपलं की येते.”

मामा हसले, आणि पिशवी आणायला घराकडे वळले.